चुकांचा कप्पा

१

वहिनीला आत आणलं तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी प्रयोगशाळेच्या आलेखखोलीतच राहिली होती. तिथे कपाटांच्या मधल्या बोळात ती जमिनीवर पडलेली सापडली. टेबलावर तिचा कॉफीचा कप अर्धा भरलेला होता आणि थर्मासच्या झाकणाच्या आट्यांत पांढरे दाणे अडकले होते. दिसायला साखरेसारखे होते, पण वहिनी कॉफीत साखर घालत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची, दादाची बायको. आपल्याच माणसावर उपचार करू नयेत असं आम्हाला शिकवतात, पण त्या दुपारी ड्यूटीवर मी एकटीच होते आणि नियम पाळत बसायला वेळ नव्हता. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि रक्तदाब हातातून वाळू निसटावी तसा खाली जात होता. चित्र सायनाइडचं होतं. म्हणजे सायनाइडसारखं होतं, आणि या "सारखं"मध्येच माणसं मरतात.

सायनाइडवरचा एक जुना उतारा आमच्या कपाटात होता. विष सायनाइडच असेल तर तो जीव वाचवतो. नसेल तर उरलासुरला रक्तदाबही घालवतो. रक्ताचा तपास दुसऱ्या शहरातून यायला उद्याची दुपार उजाडली असती आणि वहिनीजवळ तेवढा वेळ नव्हता. तेव्हा इन्स्पेक्टरनं थर्मासमधले थोडे दाणे आमच्या मागच्याच इमारतीत, तिच्याच प्रयोगशाळेत तपासायला दिले. जिथे विष घातलं गेलं तिथेच विषाचं नाव विचारायला जायचं, हे मला काही रुचलं नव्हतं. पण दुसरी प्रयोगशाळा आणायची कुठून?

दादा काचेपलीकडे उभा होता. तोही त्याच प्रयोगशाळेत, औषधांचे नमुने तपासून पास करणाऱ्या औषधविभागात. काचेवर बोटं वाजवून तो सारखा एकच विचारत होता, उतारा का देत नाहीस. नवरे असेच वागतात, म्हणून मी त्याच्यावर चिडले नाही.

मग यंत्र चालवणारा धावत आला. प्रत्येक पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत घोटून त्याची चकती दाबणं हे त्याचं आयुष्यभराचं काम, म्हणून सगळे त्याला भुकटीराव म्हणतात. त्याच्या हातात छापलेला आलेख होता आणि खाली संगणकाचा निकाल होता: सायनाइड. मी नर्सला सिरिंज भरायला सांगितली.

"थांब," मागून मावशी म्हणाली. "आधी तो कागद मला दे."

२

मावशी म्हणजे दादाची आई, वहिनीची सासू. पण तेवढंच सांगितलं तर ती माझ्यावर डाफरेल. निवृत्त होईपर्यंत त्या प्रयोगशाळेचा आलेखसंग्रह तिनं उभा केला होता. संशोधनाची पदवी तिच्याकडे आहे, जीभ धारदार आहे आणि ती शिकवायला लागली की समोरचा माणूस दमतो. तिनं पहिली चकती कधी दाबली त्याची गोष्ट आम्ही भावंडांनी इतकी ऐकलीय की आता तीच सांगताना आम्ही मधले शब्द पुरवतो.

इन्फ्रारेड किरण पदार्थातून सोडले की पदार्थ त्यातले काही गिळतो. जिथे गिळतो तिथे कागदावरची रेघ खाली जाते, दरी पडते. प्रत्येक संयुगाच्या दऱ्या आपापल्या ठरावीक जागी. अनोळखी पदार्थाचा आलेख काढायचा, संग्रहातल्या ओळखीच्या आलेखांशी ताडायचा आणि नाव सांगायचं. एवढंच काम, पण त्यात माणसं बुद्धी झिजवतात.

मावशीनं चष्मा लावला. वहिनीच्या पलंगाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला तो कागद वाचता आला नसता, असं मला वाटतं. तिनं बोट ठेवलं. मधोमध एकच खोल, सुईसारखी दरी, सायनाइडच्या जागेजवळ. मग तिचं बोट सरकत कागदाच्या अगदी उजव्या टोकाला गेलं. तिथे एक लहानशी दरी होती, मुंगी चावल्याएवढी.

"ही सायनाइडला नसते," ती म्हणाली.

भुकटीराव म्हणाला, टोकाला यंत्राची खरखर असते, म्हणून संगणकाला तो भाग सोडायला शिकवलंय. मावशीनं त्याला विचारलं, खरखर कधी इतकी गोलाकार पडते का? मग तिनं विचारलं, दाणे कशात घोटलेस? अर्थात ब्रोमाइडच्या भुकटीत. तो भजीसुद्धा त्यातच घोटेल.

मावशी माझ्याकडे वळली. एक मीठ दुसऱ्या मिठाबरोबर खसाखसा घोटलं की दोघं आपापसांत जोडीदार बदलतात, आणि दरी आपली जागा सोडून सरकते, असं तिनं मला सांगितलं. सायनाइडच्या जागेवर जी सुई दिसतेय ती दुसऱ्या कुणाची, तिथवर सरकून आलेली असू शकते. खरं पाहायचं तर दाणे पॅराफिनच्या तेलात नुसते कालवायचे. तेलात असली अदलाबदल होत नाही.

"कुणाची असू शकते?" मी विचारलं.

"अझाइडची. द्रावणांना बुरशी लागू नये म्हणून घालतात ते. त्या इमारतीत प्रत्येक विभागाच्या फ्रीजमध्ये त्याची बाटली आहे. लक्षणं सायनाइडसारखी. पण तुझा उतारा दिलास तर ही जाईल."

मी नर्सच्या हातातली सिरिंज काढून घेतली. काचेपलीकडे दादाची बोटं काचेवरच थांबली होती. मला खात्री हवी होती, आणि मावशीलाही. नुसत्या शंकेवर उतारा रोखणं हासुद्धा जुगारच होता, फक्त फासे दुसऱ्या हातात. वहिनीचा रक्तदाब पुन्हा एक पायरी उतरला.

३

प्रयोगशाळेत मी नव्हते. पुढचं इन्स्पेक्टरनं मला नंतर सांगितलं, आणि तो सांगताना पुन्हा पुन्हा मान हलवत होता.

आलेखखोली तळमजल्यावर. उंच लोखंडी कपाटं, मधले बोळ इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं. खिडक्या ओल शिरू नये म्हणून कायमच्या बंद. ओल कमी करणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं, आणि वहिनीची चप्पल अजून तिथेच पालथी पडली होती. मावशीनं ती उचलली आणि टेबलाखाली नीट ठेवली. मग भुकटीरावाला पलीकडच्या खोलीत पाठवलं. उरलेले दाणे तेलात कालव आणि दारापाशी इन्स्पेक्टरचा शिपाई उभा असेल तरी घाबरू नकोस, असं त्याला बजावलं.

आणि ती शेवटच्या कपाटाकडे गेली. त्या संग्रहात एक कप्पा असा होता जो दुसऱ्या कुठल्या संग्रहात मी तरी ऐकलेला नाही. चुकांचा कप्पा. भुकटीला ओल लागली तर आलेख कसा फसवतो, बोटाचं तेल लागलं तर काय दिसतं, कुठला पदार्थ कुणाचं सोंग घेतो, अशा फसलेल्या आलेखांचा तो साठा मावशीनं मुद्दाम केला होता. तिच्या हाताखाली आलेल्या माणसाला आधी तो कप्पा पाठ करावा लागे. बाकी जगात लोक आपल्या चुका लपवतात, ही त्यांना अनुक्रमांक घालायची.

त्यात एक आलेख होता: अझाइड, ब्रोमाइडच्या भुकटीत घोटलेलं. सायनाइडचं सोंग. संगणकात तो कधी चढवलाच नव्हता, कारण संगणकात फक्त खरे आलेख जायचे. त्या इमारतीत ही चूक उघडी पाडू शकेल असा तो एकच कागद होता.

तो जागेवर नव्हता. त्याच्या अलीकडचा होता, पलीकडचा होता. कागद बाहेर नेला तर जागी लाल पुठ्ठा ठेवायचा असा नियम, पुठ्ठाही नव्हता. वहिनी दर आठवड्याला कप्पे तपासते, आणि कपाटाच्या दारावर या आठवड्याच्या तपासणीची तिची सही होती.

"म्हणजे चोरी ताजी आहे," इन्स्पेक्टर म्हणाला.

"चोरी नाही," मावशी म्हणाली. "तयारी."

तेवढ्यात भुकटीराव दारात आला. त्यानं नवा कागद मावशीपुढे धरला. तेलात कालवल्यावर सुई आपल्या खऱ्या जागी गेली होती, आणि संगणकानं या वेळी एका क्षणात नाव सांगितलं होतं: अझाइड.

मावशीनं तिथूनच मला फोन केला. उतारा देऊ नकोस, अझाइडच आहे आणि चुकांच्या कप्प्यातला त्याचा कागद कुणीतरी नेलाय, एवढंच म्हणाली. मी रक्तदाब वर धरायची औषधं वाढवली, श्वासाचं यंत्र लावलं आणि वाट पाहत बसले. अझाइडला उतारा नाही. शरीराला तगवून धरायचं आणि विष उतरायची वाट बघायची, बस्स. फोन ठेवताना मी विचारलं, कप्प्यात तो कागद आहे हे कुणाला माहीत होतं?

मावशी म्हणाली, "माझ्याकडे शिकून अजून नोकरीत असलेली माणसं किती उरलीत? त्यांनाच. मी सगळ्यांना घेऊन वर येते."

४

विभागाबाहेरच्या बाकावर तिघे ओळीनं बसले. भिंतीला पांढरा रंग, वर जळकी ट्यूब मधूनच फडफडत होती आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर तोच फिका उजेड. मी दार अर्धवट उघडं ठेवून उभी होते, एक डोळा मॉनिटरवर. खरं सांगते, त्या बाकावर बसलेल्या एकानं तिला मारायचा प्रयत्न केला, हे कळत असूनही माझं मन तिसऱ्याला त्या ओळीत धरतच नव्हतं.

पहिला भुकटीराव. दुसरे उपप्रमुख, ज्यांना सगळे किल्लीवाले म्हणतात, कारण विषांच्या कपाटाची किल्ली ते कमरेला लावून हिंडतात आणि झोपतानाही काढत नसावेत अशी वदंता आहे. तिसरा दादा.

थर्मास सकाळभर सगळ्यांच्या चहाच्या खोलीत होता. तिथे कोण गेलं नव्हतं? तिघेही गेले होते. तिघांनीही ते लगेच कबूल केलं, उलट किल्लीवाल्यांनी तर स्वतःहून सांगितलं की वहिनीशी त्यांचं परवाच वाजलं होतं. औषधविभागाच्या काही अहवालांवर तिला शंका आहे एवढं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तिनं ती आपल्यापुढे मांडली नाही म्हणून ते तिच्यावर ओरडले होते. आता ते रडकुंडीला आले होते. इमारतीतलं सगळं सायनाइड त्यांच्या किल्लीखाली, आणि दुपारी इन्स्पेक्टर त्यांना बेड्या घालायच्याच बेतात होता.

भुकटीराव म्हणाला, माझ्या हातून चूक झाली, पण चूकच झाली. दादा मला विचारत होता, ती शुद्धीवर येईल का. मी म्हटलं, अजून सांगता येत नाही.

मावशी त्यांच्यासमोर उभीच राहिली. इन्स्पेक्टरनं खुर्ची दिली, ती तिनं नाकारली.

"जो कागद गेला, तो विष घालणाऱ्यानंच नेला," ती म्हणाली. "एवढ्या कपाटांतून नेमका तोच दुसऱ्या कुणाला कशाला हवा? त्याला विषाचं नाव सायनाइड पडायला हवं होतं. म्हणजे डॉक्टर उतारा देतील आणि उताराच तिला संपवेल. वर सगळे किल्लीवाल्यांना धरतील. भुकटीराव कशात घोटणार हे त्याला माहीत होतं, कारण ते सगळ्यांनाच माहीत आहे."

मग ती भुकटीरावाकडे वळली आणि सगळं शांतपणे उलगडत गेली. दाणे याच्या हातात दिले गेले होते. याला सायनाइड दाखवायचंच असतं तर संग्रहातलाच सायनाइडचा आलेख छापून आणता आला असता. कागद चोरायची गरजच काय? आणि टोकाची ती बारीक दरी यानं माझ्यासमोर आणून ठेवली नसती. हा नाही.

किल्लीवाल्यांबद्दल तिला फार बोलावं लागलं नाही. ज्याच्या कमरेला सायनाइडची किल्ली, तो जगाला सायनाइड दाखवेल कशाला? बाकी कुठलंही नाव चाललं असतं, हे एक सोडून. हेही नाहीत.

ट्यूब पुन्हा फडफडली. इन्स्पेक्टरनं दादाकडे पाहिलं आणि लगेच मावशीकडे पाहिलं, की या बाईला आपण काय म्हणतोय ते कळतंय ना. तिला कळत होतं. तिचा हात भिंतीवर टेकलेला होता.

"मागच्या रविवारी सुनेनं मला विचारलं," ती म्हणाली. "दोन वेगवेगळ्या गोळ्यांचे आलेख हुबेहूब येऊ शकतात का? मी म्हटलं, एकाच गोळीचे दोनदा काढलेसुद्धा येत नाहीत. रेघेचा बारीक कंप दर वेळी वेगळा असतो. इन्स्पेक्टर, औषधविभागाचे पास झालेले अहवाल मागवा आणि दोन-दोन कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरून पाहा. कंपसुद्धा जुळेल. न तपासलेली औषधं जुना चांगला आलेख लावून पास केलीत. तिला ते सापडलं होतं, आणि ते वरिष्ठांना सांगायच्या आधी तिनं घरी सांगितलं. नवऱ्याला एक संधी द्यावी म्हणून."

काचेवर वाजणारी ती बोटं मला आठवली, आणि उतारा का देत नाहीस, उतारा का देत नाहीस. अझाइडच्या बाटलीबरोबर येणाऱ्या सूचनांत हे लिहिलेलं असतं, की त्याला सायनाइडचा उतारा चालत नाही. दादा रोज ती बाटली हाताळत होता.

दादानं नाकारलं नाही. तो फक्त आईकडे बघत होता, लहानपणी मार्क कमी पडल्यावर बघायचा तसा.

"आई, तू गप्प बसली असतीस तर कुणालाच कळलं नसतं," तो म्हणाला.

"मी गप्प बसले असते तर ती गेली असती."

"मी तुझा मुलगा आहे."

"म्हणून तर तुला तो कप्पा पाठ करायला लावला होता," मावशी म्हणाली. इन्स्पेक्टरनं दादाला दंडाला धरून उठवलं. जिन्यापर्यंत जाईतो दादानं मागं वळून पाहिलं नाही, आणि मावशी ज्या खुर्चीला नाही म्हणाली होती तीत बसली.

५

वहिनीचा रक्तदाब सकाळी वर आला. ती लढली, हे तिचं श्रेय. मी फक्त नळ्या धरून बसले होते. दुपारी दुसऱ्या शहरातून रक्ताचा अहवाल आला. अझाइड. मी तो मावशीला दाखवायला गेले तर तिनं हातानं बाजूला सारला, जणू दाराला कुलूप आहे की नाही हे कुणी तिला दुसऱ्यांदा विचारत होतं.

श्वासाची नळी काढल्यावर पहिले काही तास वहिनी बोलली नाही. गळा दुखतो, ते साहजिक होतं. पण तिचे डोळे दाराकडे लागलेले होते, आणि दार वाजलं की तिचे खांदे आक्रसायचे. मला तेव्हाच कळलं की तिला माहीत आहे. ती आजारी होती, पण मूर्ख कधीच नव्हती. त्या दिवशी चहाच्या खोलीतून थर्मास उचलून तिच्या टेबलावर आणून ठेवला होता तो दादानंच. एरवी तो तिच्यासाठी पेलाभर पाणीसुद्धा उचलत नसे.

मी इन्स्पेक्टरला आत येऊ दिलं नाही. आधी मावशी गेली. स्टूल ओढून जवळ बसली आणि वाटीतलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावू लागली. बराच वेळ तेवढंच चाललं. मी सलाइनचा वेग बघायचं निमित्त करून तिथेच रेंगाळले, मला जाववेना.

मग वहिनीनं चमचा हातानं थांबवला. आवाज खरखरीत होता, पण शब्द स्वच्छ होते. शुद्धीवर आल्यापासून ती हेच एक मनात घोळवत होती हे ऐकूनच कळत होतं.

"आई, मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "कॉफी कुणी आणून दिली ते आठवत नाही म्हणेन. चूक झाली, बाटल्या बदलल्या असतील म्हणेन. मी निघून जाईन माझ्या वाटेनं. पण पोलिसांना नाही सांगणार. तुम्हाला तो एकच आहे."

मावशीनं वाटी खाली ठेवली. ती सुनेच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिली, एक एक बट.

"मी सांगून आले गं," ती म्हणाली.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मावशीचा हात कपाळावरून ओढून दोन्ही हातांत धरला, आणि दोघी रडू लागल्या. मी पडदा ओढून घेतला आणि इन्स्पेक्टरला सांगितलं की आज जबाब मिळणार नाही, उद्या या.